आधी उशीची खोळ, मग शेरवानी

बालाघाटात टेलर पुष्कळ आहेत आणि गिटार वाजवणारी पोरंही आता गल्लोगल्ली निघाली आहेत. पण दिवसभर शेरवानीला काज करायचे आणि संध्याकाळी त्याच बोटांनी गिटार बडवायची, असा माणूस गावात एकच, पुनाराम मेश्राम. 'बडवायची' हा शब्द दुष्मनांचा नाही हं, खुद्द पुनाराम मास्टरांचा आहे. "गिटार बडवल्याबिगर बोलत नाही," असं ते छाती काढून सांगायचे. "मी बूढी वॉर्डात वाजवली तं पार काली पुतली चौकातल्या माणसानं मान डोलावली पाह्यजे." डोलावल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, पण मास्टर इतक्या भरवशानं सांगायचे की पुरावा मागणाऱ्यालाच लाज वाटावी.

मास्टरांची बायको संघमित्रा ही गायन पार्टीची मुख्य गायिका. पार्टीच्या बॅनरवर नाव भलं लांबलचक आहे, पण ते कोणाच्या लक्षात राहत नाही. लोक सरळ 'संघमित्राबाईची पार्टी' म्हणतात. बुकिंग घेणं, साउंडवाल्यावर ओरडणं आणि कीबोर्डवर बसणं ही कामं तिचा धाकटा भाऊ रवी करतो. आणि संघमित्राच्या डाव्या हाताची खुर्ची मास्टरांची. ती त्यांची आज नाही, लग्नाआधीपासूनची. खरं तर लग्न जमलं तेच त्या खुर्चीमुळं. मास्टरांच्या दुकानाला लागून पानठेला असलेला भैयालाल तर शपथेवर सांगतो की त्या काळी हा माणूस गाण्याकडं कमी आणि गाणारीकडं जास्त पाहायचा, आणि तरी ठेका चुकायचा नाही. सासऱ्यांनी म्हणे तेवढ्यावरच पोरगी दिली. ज्याचा हात पोरीकडं पाहतानाही चुकत नाही, तो संसारात काय चुकणार!

पण काळ बदलला. लग्नात, मिरवणुकीत, जिकडं तिकडं धुमालचे ढोल-ताशे आणि डीजे आले. स्पीकरच्या पेट्यांवर पेट्या रचलेल्या, छातीत धडधड झाल्याशिवाय कोणाला गाणं झालं असं वाटेना. त्या गदारोळात मास्टरांची लाकडी, पोकळ पोटाची गिटार म्हणजे बैलबाजारात कुजबुज. जवळ माईक लावला तर शिट्टी वाजायची, नाही लावला तर काहीच वाजायचं नाही. आणि खैरलांजीच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामानं रवीला बाजूला घेऊन विचारलं, "काहो, ते कोपऱ्यातले भाऊ नुसते हात हालवून राह्यले का?"

रवीनं ते मास्टरांना सांगितलं नसतं तर चाललं असतं. पण साळा तो साळाच. परतीच्या गाडीत सगळ्यांदेखत सांगितलं. वर म्हणाला, "भाऊजी, रागावू नोका. बुद्ध पौर्णिमेचा प्रोग्राम मोठा हाय, विहाराचं पूरं ग्राउंड भरते. मले इलेक्ट्रिक गिटार पाह्यजे. गोंदियाचा वीरेंद्र येतो म्हणते."

"येते तं येऊ दे ना. मी कोणाले अडवतो?" मास्टर खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "बसन कुठं?"

"ताईच्या बाजूले. गिटारवाला तिथंच बसते ना."

ढोलकवाल्यानं खोकल्याचं सोंग केलं. मास्टरांनी हळूच मान वळवली. आवाज मात्र करारी. "वीरेंद्रले म्हणा, गोंदियातच राह्य. इलेक्ट्रिक मीच वाजवतो."

"भाऊजी, ते येगळं राह्यते."

"काय येगळं राह्यते बे? सहा तारा इकडं, सहा तारा तिकडं. पायाची मशीन सोडून मोटरवाली घेतली, तं शिवणं विसरलो का मी?"

मागच्या सीटवर संघमित्रानं पदर तोंडाला लावला. ती का हसली हे मास्टरांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मागं पाहिलंच नाही.

दोनच दिवसांत मास्टर गोंदियाच्या गाडीत बसले आणि लाल रंगाची, चपट्या पोटाची गिटार आणि तिचा आवाजाचा बॉक्स घेऊन आले. घेताना त्यांनी ती कापडासारखी उलटसुलट करून पाहिली, कडेनं अंगठा फिरवला, मान पातळ आहे म्हणून नाक मुरडलं. मग आपल्या सवयीनं तारांवर एक रट्टा हाणला. आवाज आला डासाएवढा. "हे मुकी हाय का गा?" त्यांनी दुकानदाराला विचारलं. दुकानदारानं वायर जोडून दाखवली आणि म्हणाला, "अंकल, धीरे. इसको मारना नहीं पड़ता." मास्टर हसले. दुकानदाराच्या जन्माच्या आधीपासून ते गिटार वाजवत होते. हा काल मिशी फुटलेला पोरगा त्यांना मारू नका म्हणतो!

तालीम समाज मंदिरात. बातमी भैयालालनं आधीच पेरून ठेवली होती, त्यामुळं खिडक्यांना माणसं लटकलेली. अशा वेळी शहाण्या माणसानं काय वाजवावं? काहीतरी सोपं, साधं. पण मास्टरांनी निवडला तो पार्टीच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचा सुरुवातीचा तुकडा. पळता, वळणावळणाचा, ज्यासाठी लोक वन्स मोअर करतात. साध्या गिटारवर तो त्यांचा हातखंडा. त्यांनी बॉक्सचे कान पूर्ण पिळले, सगळे खटके उजवीकडं नेले, बायकोकडं एक नजर टाकली आणि बडवली.

काय झालं ते ज्यानं त्यानं आपापल्या परीनं सांगितलं आहे. सहा रंगांचे कपडे एकाच बादलीत भिजवावेत तशा सहाही तारा एकमेकींत उतरल्या. ज्या तारा वाजवायच्या त्या वाजल्याच, ज्या नव्हत्या वाजवायच्या त्या जास्त वाजल्या. मास्टरांचं बोट दाबायचं लोखंडासारखं. नव्या गिटारच्या तारा पातळ, दाबल्या की सूर वाकडा व्हायचा. सूर वाकडा झाला म्हणून त्यांनी आणखी दाबलं. बेसूर झालं म्हणून आणखी जोरात मारलं. आणि थांबल्यावरही गिटार थांबेना! हात काढला तरी ती आपली कोकलतच होती. मागच्या गोठ्यात कोणाची तरी म्हैस दावं तोडून गेली. ती म्हैस त्या दिवशी सुटणारच होती असं तिचा मालक आजही म्हणतो, पण भैयालालच्या ठेल्यावर त्याचं कोण ऐकणार?

खिडकीतून एक आवाज आला, "मास्टर, माप चुकलं वाटते!"

रवी बाहेर गेला आणि फोन कानाला लावून पिंपळाखाली उभा राहिला. "हां वीरेंद्र भाई, जय भीम. पौर्णिमेले तुमी याच," एवढं मास्टरांना आतूनही ऐकू आलं. त्या दिवशी त्यांना हवं ते ऐकू येत नव्हतं आणि नको ते सगळं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मास्टर एका वरपित्याशी विनाकारण भांडले. गिटार घरी खाटेखाली, तोंड भिंतीकडं करून ठेवलेली. दुपारी संघमित्रा डबा घेऊन आली. डबा उघडायच्या आधी तिनं विचारलं, "मोटर लावली तवा पहिलं काय शिवलं होतं तुमी?"

"आता ते कायले काढते?"

"सांगा ना."

मास्टर सुईत दोरा ओवायला लागले. आता आपणच सांगायला हवं, कारण ते तर सांगणार नाहीत. मोटरवाली मशीन आली त्या दिवशी मास्टरांनी पहिलंच काम घेतलं ते लांजीच्या एका पुढाऱ्याच्या शेरवानीचं. पायाच्या मशीनची सवय, पायात सगळा जीव. तसाच पाय मोटरच्या पायटीवर दिला आणि मशीन सुसाट सुटली. शेरवानीची बाही खिशाला शिवली गेली, आणि खिशासोबत मास्टरांच्या स्वतःच्या शर्टाचा कफही. पुढारी दारात उभा, आणि मास्टर त्याच्या शेरवानीला जोडलेले. त्यानंतर महिनाभर त्यांनी काय शिवलं? उशीच्या खोळी. सरळ टीप, एक कोपरा, परत सरळ टीप. सगळ्या वॉर्डातल्या उशांना त्या वर्षी नवे कपडे मिळाले.

"खोळी," मास्टर शेवटी म्हणाले.

"मंग गिटारीच्या खोळी शिवा ना आधी. पहिल्याच दिवशी शेरवानी कायले घेतली?" ती डब्यातली भाजी वाढत म्हणाली. "अन् पाय हलका पडल्याशिवाय मोटर चालत नाही, हे तुमीच शिकवता ना त्या समीक्षाले?" समीक्षा म्हणजे दुकानात काज-बटन शिकायला येणारी पोरगी. ती खाली मान घालून हसू दाबत होती.

"हे मले माहीतच होतं," मास्टर म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एखादी गोष्ट पटली की ती त्यांना आधीपासूनच माहीत असते.

त्या संध्याकाळी गिटार खाटेखालून निघाली. पहिली खोळ ठरली पाळण्याची, बारशाला पार्टी म्हणते त्या पाळण्याची. तो पाळणा संघमित्रा पोळ्या लाटताना गुणगुणते तेव्हा अख्ख्या चालीत पाच सुरांच्या वर जात नाही. मास्टरांनी बॉक्सचा आवाज कमी केला. बॉक्स मात्र बंद केला नाही. बंद ठेवून वाजवली की हात पुन्हा बडवायला लागतो, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. एकच तार, एकेक सूर. आणि मग त्यांना ती गंमत सापडली. लाकडी गिटारवर सूर काढला की मरतो, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा मारतो. इथं सूर मरतच नव्हता! हलकेच छेडला की पाळण्याच्या दोरीसारखा इकडून तिकडं जाऊन येत होता. मास्टर एक सूर छेडायचे आणि नुसते ऐकत बसायचे. घरात पाहुणा आल्यासारखं वाटायचं.

पाळणा बसायला चार दिवस लागले की आठ, याच्यावर नवरा-बायकोचं आजही एकमत नाही.

दुसरी खोळ होती रोवण्याची. धानाचे परे लावताना वाकलेल्या बाया म्हणतात तशी, फिरून फिरून त्याच जागी येणारी चाल. ती मास्टरांना त्यांच्या मावशीनं, गोदाबाईनं दिली. वाराशिवनीकडच्या बांधावर तिची हयात गेली आहे. चाल सांगताना ती खाटेवर बसून कंबरेतून पुढं वाकायची, नाहीतर तिला आठवायचीच नाही. या चालीला दोन तारा पुरत होत्या. बाकी चार तारांचं तोंड बंद ठेवायचं काम हाताच्या कडेचं. कात्री चालवताना कापड सरकू नये म्हणून मास्टर हाताची कड कपड्यावर ठेवतात, तशीच त्यांनी ती तारांवर ठेवली, आणि गिटार 'टुक टुक टुक' करून चिखलात पाय टाकल्यासारखी चालायला लागली.

"मावशी, कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"बेस हाय. पण पाऊस कुठं हाय?" गोदाबाई म्हणाली. तिच्या लेखी पाऊस नसेल तर रोवणा अर्धाच.

हळदीची चाल तिसरी, आणि सोप्यात अवघड तीच. नवरीला हळद लावताना बाया शेवटचा सूर लांबवतात, वर नेऊन जरासा खाली सोडतात. तो हेल सूर दाबून निघत नाही, तार बोटानं बाजूला ओढावी लागते. लाकडी गिटारच्या जाड तारा कुठल्या ओढल्या जातात! इथं पातळ तार रबरी दोऱ्यासारखी सरकली. मास्टरांनी आधी इतकी ओढली की नवरीऐवजी मांजराला हळद लागली. मग कमी ओढली. मग तिच्याहून कमी. एका संध्याकाळी तो हेल असा निघाला की शेजारच्या घरातली म्हातारी बाहेर येऊन विचारती झाली, "कोणाचं लगन हाय गा?"

तेव्हाच संघमित्रा चुलीजवळून उठून आली आणि खाटेच्या कडेला बसून तीच हळद म्हणायला लागली. मास्टर दोन तारांवर, ती वर. गाणं संपलं तशी ती गिटारच्या तारांकडं पाहत राहिली.

"काय झालं वं?"

"काही नाही," ती म्हणाली. "तुमच्या गिटारीसंगं गाताना माझा आवाज मले आजच ऐकू आला."

इतकी वर्षं जिच्या डाव्या हाताला बसून काली पुतली चौकापर्यंत बडवली, ती बाई आपलाच आवाज शोधत होती? पहिल्यांदाच ते 'मले माहीतच होतं' म्हणाले नाहीत.

पण रवीला हे कोण सांगणार? सांगितलं तरी तो ऐकेना. "भाऊजी, पाळणा अन् हळद घरी ठीक हाय. ग्राउंडवर लोकाले करंट पाह्यजे." मास्टरांनी वाद घातला नाही. "मी येतो, बसतो, दोन तारा वाजवतो," एवढंच म्हणाले. रवीनं भाऊजी म्हणून हो म्हटलं, आणि स्टेज साळा म्हणून लावलं.

बुद्ध पौर्णिमेच्या संध्याकाळी विहाराचं ग्राउंड माणसांनी भरलं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, खिरीची पातेली, पोरांच्या हातात निळे-पंचरंगी झेंडे. स्टेजवर मधोमध संघमित्रा. तिच्या डाव्या हाताला गोंदियाचा वीरेंद्र. उंच, केस मानेवर, पायाशी खटक्यांच्या पेट्याच पेट्या. माणूस मात्र भला. आल्या आल्या वाकून "मास्टर, जय भीम, आपका नाम बहुत सुना है" म्हणाला. मास्टरांना त्याचा राग करणंही जमेना. आणि त्याच्याही पलीकडं, स्टेजच्या टोकाला, झालरीला टेकलेल्या खुर्चीवर मास्टर. रवीनं त्यांचा बॉक्स त्याच टोकाला ठेवला होता आणि वायर होती हातभर. उठून कुठं जायचं म्हटलं तर गिटार मागं राहायची.

समोर पहिल्या रांगेत भैयालाल. सकाळी ठेल्यावर काय सांगायचं ते तो बहुधा आधीच जुळवत होता.

पहिली दोन गाणी वीरेंद्रनं गाजवली, हे मान्य करायलाच हवं. बोटं पळत होती, पोरं शिट्ट्या मारत होती, रवी कीबोर्डवरून मास्टरांकडं 'पाह्यलं का?' असं पाहत होता. मास्टरांनी पाहिलं. मान डोलावली. चांगल्याला चांगलं म्हणायला टेलरचं काय जातं? दुसऱ्याची शेरवानी नीट बसली तर तीही पाहावी.

तिसरं गाणं संघमित्राचं एकटीचं. परे लावणारी एक आई, पाठीशी झोळीत लेकरू, आणि बांधापलीकडच्या शाळेतून येणारा पाढ्यांचा आवाज. आई प्रत्येक रोप लावताना एकेक पाढा म्हणते. हे गाणं संघमित्रानं स्वतः बांधलेलं. चाल रोवण्याचीच. तिनं सुरुवात केली आणि वीरेंद्र नेहमीसारखा पळायला लागला. बिचाऱ्याला काय माहीत, शेतात पळत नाहीत. दुसऱ्या ओळीला तिचा सूर त्या गर्दीत दिसेनासा झाला. ती मोठ्यानं गायली, तो आणखी वर गेला. तिसऱ्या ओळीला तिनं हात वर केला.

सगळं थांबलं. ढोलक, कीबोर्ड, गिटार.

"मास्टर," संघमित्रा माईकमध्ये म्हणाली, "इकडं येऊन बसा जी. तुमचं मले ऐकू नाही येऊन राह्यलं."

मास्टर उठले. वायर ताणली गेली, बॉक्स झालरीसकट पुढं सरकला आणि रवी ओरडला, "भाऊजी, वायर! बॉक्स पडन!" मास्टर परत बसले. कान लाल, पण मान ताठ. "नाही येत माझ्याच्यानं," ते तिथूनच म्हणाले. "तूच ये."

आता, बालाघाटात बायको भर स्टेजवर नवऱ्यानं बोलावल्यावर जाते का? संघमित्रा उठली. एका हातात माईक घेतला, दुसऱ्या हातानं आपली खुर्ची उचलली. रवी "ताई, ताई" करत राहिला. वीरेंद्रनं पाय आखडून वाट दिली. ती त्याच्या पुढून गेली, स्टेजच्या टोकाशी खुर्ची टेकवली, पदर सावरून बसली. मास्टर तिच्या डाव्या हाताला आले. त्या रात्रीचा स्टेजचा मध्य आता झालरीपाशी होता.

ग्राउंडवर जी शिट्टी पडली, तिच्यापुढं वीरेंद्रच्या दोन्ही गाण्यांच्या शिट्ट्या मिळूनही कमीच.

मास्टरांनी हाताची कड तारांवर ठेवली. दोनच तारा. टुक, टुक, टुक. चिखलात पाय पडावा तशी चाल निघाली, आणि तिच्यावर संघमित्राचा आवाज. कोणी ढकलत नव्हतं, कोणी ओढत नव्हतं. पहिल्या पाढ्यापासून शेवटच्या पाढ्यापर्यंत ती गायली. शेवटच्या ओळीला मास्टरांनी हळदीचा तो हेल एकदाच ओढला, अगदी थोडासा. वीरेंद्र आपल्या तारांवर तळवा ठेवून ऐकत होता. मागच्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावला. मास्टरांनी मात्र कोणाकडं पाहिलं नाही. ते त्यांच्या जुन्या सवयीप्रमाणं गाणारीकडं पाहत होते, आणि ठेका चुकत नव्हता.

गाणं संपल्यावर रवी आला. त्यानं कीबोर्ड उचलला आणि बहिणीच्या दुसऱ्या बाजूला आणून मांडला. मग ढोलकवाला सरकला. मग वीरेंद्रनं आपल्या सगळ्या पेट्या गोळा केल्या आणि "मास्टर, मैं उधर बैठूँ?" असं विचारून रवीच्या पलीकडं बसला. पळायचे तुकडे त्याचेच राहिले. मास्टरांनी ते मागितलेही नाहीत.

सकाळी पानठेल्यावर भैयालालचं दुकान चुन्यापेक्षा बातमीवर जास्त चाललं होतं. "अरे, बायको खुर्ची घिऊन नवऱ्याच्या मागं धावली! म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं!"

मास्टर दुकानाचं शटर वर करत होते. ते थांबले. "धावली नाही गा भैयालाल," ते म्हणाले. "चालत आली. अन् मले माहीतच होतं, ते येईन म्हणून."